तंबूआधी गुणपत्रक

जूचंद्रला मुलांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलं, तर शनिवार-रविवार कुणाला सोयीचा हे विचारण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघावी. पंचांगावर विश्वास असो वा नसो. कोकण किनाऱ्यावरचे मच्छीमार भरतीची वेळ ज्या हिशेबाने काढतात तो अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत सगळ्यात कमी, ती भांगाची भरती. वसईच्या खाडीलगतच्या, मिठागरांच्या आणि खाजणांच्या या पट्ट्यात ही माहिती शिबिराच्या आखणीतली पहिली ओळ असायला हवी.

मी शुक्ल अष्टमीचा शनिवार-रविवार निवडेन, शक्यतो डिसेंबर किंवा जानेवारीतला. पाणी कमी चढतं हे एक कारण. दुसरं कारण चंद्र. अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. शेकोटीपर्यंत फुकटचा उजेड, आणि पहाटे चारला उठवलेल्या मुलांना काळंभोर आकाश. जूचंद्रच्या आकाशात मुंबईचा उजेड सांडलेला असतो हे खरं, पण चंद्र नसला की निदान अर्धी लढाई जिंकलेली असते.

बालवीरांच्या, म्हणजे स्काऊटांच्या, शिबिर-स्पर्धेबद्दल लिहिताना भरतीपासून सुरुवात का केली, ते सांगतो. ऑगस्ट २०२३मध्ये दक्षिण कोरियात सेमांगम इथे स्काऊटांचा जागतिक मेळावा, म्हणजे जांबोरी, भरला. दीडशेहून जास्त देशांतली सुमारे ४३ हजार मुलं आणि त्यांचे प्रमुख. जागा होती समुद्राला सुमारे ३४ किलोमीटरचा बांध घालून भरतीच्या पाण्याखालून काढलेली जमीन, म्हणजे आपल्या भाषेत एक अवाढव्य खाजण. सपाट, झाड नाही, उतार नाही. जुलैचा पाऊस साचून राहिलेला, त्यावर डास, आणि वर पस्तीस अंशांच्या आसपासचं ऊन. पहिल्या काही दिवसांतच शेकडो मुलं उष्म्याने आजारी पडली. ब्रिटनचा साडेचार हजारांचा चमू मेळावा सोडून गेला, अमेरिकेचाही गेला, आणि ८ ऑगस्टला खानून वादळाच्या भीतीने उरलेल्या सगळ्यांना तिथून हलवावं लागलं. तयारीला वर्षं मिळाली होती, सरकार पाठीशी होतं, पैसा होता. जमीन मात्र चुकीची होती. खारजमिनीवर पाणी मुरत नाही हे आपल्याकडे मिठागरात काम केलेला कुणीही सांगेल. मुरत नाही म्हणून तर तिथे मीठ पिकतं.

तेव्हा जूचंद्रला मैदान निवडताना मोकळी, सपाट, रेल्वेने येताना खिडकीतून दिसणारी जागा बघून हुरळून जाऊ नये. दिवा-वसई मार्गावरचं जूचंद्र स्टेशन आणि पश्चिम रेल्वेवरचं नायगाव यांच्या आसपास अशा जागा अजून दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खालच्या पातळीवर आहेत. चंडिका देवीच्या टेकडीच्या बाजूची चढती जमीन किंवा एखाद्या शाळेचं मुरमाचं मैदान बरं. परीक्षा साधी आहे: एक वीतभर खड्डा खणा, त्यात बादलीभर पाणी ओता, चहा पिऊन या. पाणी तसंच असेल तर दुसरी जागा बघा. मग मालकाचं किंवा संस्थेचं लेखी संमतिपत्र, पोलीस ठाण्याला पत्र आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला पत्र. जूचंद्र गावाची वस्ती जुनी असली, तरी २००९पासून ते वसई-विरार शहर महानगरपालिकेत आहे. सरपंचाशी बोलून काम भागण्याचे दिवस गेले. तुंगारेश्वरच्या जंगलाचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते अभयारण्य आहे, तिथे बिबट्या आहे आणि तिथे चूल पेटवायची नसते. दिवसाची पदभ्रमंती वनखात्याला विचारून करावी, मुक्काम गावाकडेच.

आता स्पर्धेकडे वळू. शिबिर-स्पर्धेची आखणी करणारे बहुतेक जण आधी तंबू किती, जेवण कुणाचं, पाहुणे कोण हे ठरवतात, आणि गुणपत्रक आदल्या रात्री कुणीतरी संगणकावर बनवतं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मुलं तेच शिकतात ज्याला गुण असतात. मी शाळेत असताना एका मेळाव्यात ‘आकर्षक प्रवेशद्वार’ या बाबीला सगळ्यात जास्त गुण होते. आमच्या शेजारच्या पथकाचं प्रवेशद्वार थर्मोकोलचं होतं, टेम्पोतून आलं होतं, आणि त्यावर किल्ल्याचे बुरूज रंगवणारे काका आमच्या डोळ्यांसमोर ब्रश धुऊन निघून गेले. त्या पथकाला ढाल मिळाली. आम्ही बांबू आणि काथ्याने उभं केलेलं, किंचित डावीकडे झुकलेलं दार कुणी बघितलंही नाही. त्यातून त्या मुलांनी काय शिकायचं आणि आम्ही काय शिकायचं? ढालीचं दुःख कधीच गेलं, प्रश्न राहिला.

म्हणून गुणपत्रक आधी, आणि ते मुलांच्या हातात निदान आठवडाभर आधी. एकूण २०० गुण धरले तर मी १२० गुण रोजच्या जगण्याला देईन: तंबू वेळेत आणि नीट उभा आहे का, पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का, चुलीपासून सुकं गवत दूर केलंय का, हात धुवायची सोय आहे का, संघातला सगळ्यात लहान मुलगा जेवला का. ८० गुण शर्यती आणि कसबांना. वेळ न सांगता तीनदा पाहणी. आणि एक ओळ ठळक अक्षरांत: पालकांनी किंवा शिक्षकांनी हात लावलेल्या वस्तूला शून्य.

निकाल कसा लावायचा हाही गुणपत्रकाचाच भाग. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढले, की सहा संघांपैकी तीन संघ रडत घरी जातात आणि चौथा संघ परीक्षकाशी भांडतो. महाराष्ट्रातल्या मुलांना दुसरी पद्धत आधीच ठाऊक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेत श्रेणी मिळते, आणि ‘अ’ श्रेणी कितीही जणांना मिळू शकते. शिबिरातही तसंच: १६०च्या वर ‘अ’, १२०च्या वर ‘ब’, त्याखाली ‘क’. सहाच्या सहा संघ ‘अ’मध्ये आले तर आयोजकाने नाराज होऊ नये, पेढे वाटावेत. याने मुलांच्या वागण्यात एक मजेदार फरक पडतो. शेजारच्या संघाला खुंटी उसनी दिली म्हणून आपला नंबर जात नाही हे कळलं, की खुंट्या आपोआप उसन्या मिळू लागतात.

परीक्षकांबद्दल एवढंच, की एका परीक्षकाने एकच बाब सहाही संघांची तपासावी. एका परीक्षकाला एक संघ असं वाटून दिलं, की कडक बाईंच्या वाट्याला आलेला संघ मेला आणि मऊ सरांचा तरला.

‘संघ’ हा शब्द मी मघापासून वापरतोय, त्याचा खुलासा करायला हवा. स्काऊटच्या रचनेत सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, एक उपसंघनायक. असे काही संघ मिळून पथक. ही रचना पहिल्या शिबिरापासूनची आहे. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊटचा संस्थापक बेडन-पॉवेल याने वीसेक मुलं जमवली, त्यांचे चार संघ केले आणि त्यांना पशुपक्ष्यांची नावं दिली: लांडगे, बैल, कुरव आणि डोमकावळे. (जूचंद्र ज्यात येतं तो पालघर जिल्हा जन्मला तोही १ ऑगस्टलाच, २०१४ साली. योगायोगच, पण उद्घाटनाच्या भाषणाला बरा पडतो.) ब्राउनसीची खरी गंमत पशुपक्ष्यांच्या नावांत नव्हती. निम्मी मुलं बड्या घरच्या, महागड्या शाळांतली होती आणि निम्मी पूल, बोर्नमथ या गावांतल्या कामकरी कुटुंबांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही मुलं एका ताटाशेजारी बसली नसती. बेडन-पॉवेलने त्यांना एका तंबूत घातलं.

जूचंद्रला हीच गोष्ट करता येते. इथे एकीकडे जुनं आगरी गाव आहे आणि दुसरीकडे गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले उंच मनोरे, जिथे देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेली कुटुंबं राहतात. मुलं एकाच रस्त्यावरून शाळेत जातात, पण सुट्टीत भेटत नाहीत. शाळावार संघ केले तर शिबिरातही भेटणार नाहीत. प्रत्येक संघात अर्धी गावातली, अर्धी संकुलातली मुलं घालावीत. पहिले दोन तास कुणी कुणाशी बोलणार नाही. मग चूल धूर ओकायला लागते आणि बोलावंच लागतं.

मुलींचे संघ वेगळे असतील, पण स्पर्धा एकच. ४ सप्टेंबर १९०९ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला तेव्हा काही मुली आपणहून, स्वतःच गणवेश जमवून तिथे हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊटच म्हणाल्या. त्यातून पुढच्या वर्षी गर्ल गाईड चळवळ निघाली. त्या चळवळीच्या जगभरातल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, १९६६पासून आपल्या पुण्यात आहे. भारतात १९०९च्या सुमारास आलेलं स्काऊटिंग सुरुवातीला गोऱ्या मुलांपुरतंच होतं. भारतीय मुलांसाठी ते मध्य प्रांतात सुरू करणाऱ्यांत विवियन बोस होते, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५०ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली.

आठ मुलांचे सहा संघ म्हणजे ४८ मुलं. सोबत आठ मोठी माणसं, त्यांत निदान निम्म्या बायका. एकूण ५६. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर पाळला जाणारा ‘स्फिअर’ मानदंड माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय सांगतो. शिबिर म्हणजे आपण हौसेने ओढवून घेतलेली आपत्तीच, तेव्हा तोच हिशेब लावावा. ५६ गुणिले १५, म्हणजे दिवसाला ८४० लिटर. शनिवारी सकाळी अकरा ते रविवारी दुपारी दोन एवढ्यासाठी हजार लिटरची एक टाकी भरून हवी, आणि टँकरवाल्याचा शब्द हा पाण्याचा साठा नसतो हे ध्यानात हवं. शौचालयं हिशेबाने तीन पुरतात, पण मुलामुलींची वेगळी करायची तर चार.

धान्याचा अंदाज शाळेतल्या माध्यान्ह भोजनावरून काढता येतो. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी असं ते प्रमाण आहे. आठ जणांच्या संघाला एका वेळेला सव्वा किलो तांदूळ, पाव किलो डाळ, सहाशे ग्रॅम भाजी. मैदानावर पोरं जास्त जेवतात, तेव्हा तांदूळ थोडा चढता द्यावा. सगळ्या संघांना शिधा सारखा आणि सरपणही सारखं, वजनकाट्यावर मोजून. चार किलो लाकडांत वरण-भात-भाजी उरकणाऱ्या संघाला खरं तर गुण द्यायलाच नकोत, गॅसची सबसिडी द्यावी. आणि मीठ मात्र मुद्दाम शिध्यात घालू नये, यादीत ‘स्वतः आणा’ असं लिहावं. एक संघ विसरतोच. मिठागरांच्या गावात मिठाविना जेवण्याचा अनुभव त्या पोरांच्या आयुष्यभर लक्षात राहतो, आणि दुसऱ्या संघाकडे वाटी घेऊन जाणं हेही शिबिरच आहे.

स्काऊटच्या अभ्यासक्रमात बिनभांड्याचा स्वयंपाक हा एक प्रकार असतो: निखाऱ्यात भाजलेला बटाटा, काडीला गुंडाळून शेकलेली कणीक, पानात बांधून भाजलेली भाजी. रायगडकडे थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, भांबुर्ड्याचा पाला कोंबलेलं मडकं पेटत्या पाचोळ्यात उलटं घालून. आणि वसई-पालघरच्या पट्ट्यात उकडहंडी करतात, कंद, वांगी, शेंगा मडक्यात भरून वाफेवर. परदेशी पुस्तकातली काडीवरची पोळी करायला हरकत नाही, पण शनिवारच्या रात्रीला एका आजीला बोलावून उकडहंडी लावावी. त्याला गुण नकोत. सगळ्याच गोष्टींना गुण लावले की मुलं चव घेणं सोडून परीक्षकाचं तोंड बघू लागतात.

तंबू उभारणीबद्दल थोडं. तंबू उभा करण्याची शर्यत बघायला छान वाटते, पण घड्याळावर गुण दिले की खुंट्या तिरक्या आणि गाठी सैल. वेळेची मर्यादा वीस मिनिटांची ठेवावी आणि गुण ताणाला, गाठींना द्यावेत. खुंट गाठ, बोलाइन, दोरीला दोरी जोडायची गाठ ही नावं पाठ असणं आणि काळोखात हात त्या गाठीकडे वळणं यांत फरक आहे, म्हणून गाठींची परीक्षा रात्री, डोळ्यांवर स्कार्फ बांधून घ्यावी. तंबूभोवती चर खणण्याचा जुना रिवाज डिसेंबरात निरर्थक आहे. पाऊस नाही आणि दुसऱ्याच्या मैदानाची चाळण होते. बूट ठेवायची मांडणी, भांड्यांचा घोडा, टॉवेल वाळवायची दांडी हे सगळं बांबू आणि सुतळीत, खिळा न मारता. झोपताना मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या हव्यात. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कधी कधी कळतही नाही. ही पाहणी परीक्षकाने नाही, प्रमुखाने स्वतः प्रत्येक तंबूत वाकून करायची. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात हमखास मिळतं हे आधीच्या आठवड्यात तिथे जाऊन विचारायचं, आणि १०८ क्रमांक प्रत्येक संघनायकाच्या वहीच्या पहिल्या पानावर.

पहाटेचा कार्यक्रम मला सगळ्यात आवडतो. ध्रुवतारा जिथे उभे असू तिथल्या अक्षांशाइतका क्षितिजाच्या वर दिसतो. जूचंद्रचा अक्षांश एकोणीस अंशांच्या थोडा पुढे. हात ताठ धरून मूठ वळली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे उत्तर क्षितिजावर दोन मुठी रचल्या की ध्रुव. संध्याकाळी शर्मिष्ठेवरून त्याचा माग काढायचा, पहाटे सप्तर्षींवरून, आणि दोन्ही वेळा तो तिथेच सापडतो का ते बघायचं. संघाने मुठींवरून अक्षांश काढून चिठ्ठीवर लिहावा. अठरा ते एकवीसमध्ये कुठलंही उत्तर आलं तर पूर्ण गुण.

आणि एक स्पर्धा खास जूचंद्रसाठी. हे रांगोळीचं गाव आहे. इथल्या कलाकारांच्या माणूसभर उंचीच्या व्यक्तिचित्रांसमोर दिवाळीत लोक दूरदूरहून येऊन उभे राहतात आणि हे छायाचित्र नव्हे याची खात्री करायला खाली वाकतात. अशा गावात शिबिर भरवून मुलांना कागदावर नकाशा काढायला लावणं म्हणजे करंटेपणा. प्रत्येक संघाने शिबिराच्या मैदानाचा नकाशा रांगोळीत काढायचा, मोजमापाने: जमिनीवरच्या एका मीटरला दोन सेंटीमीटर. साठ मीटर लांब, चाळीस रुंद मैदान मग एक मीटर वीस बाय ऐंशी सेंटीमीटरच्या चौकोनात बसतं. टेप द्यायचा नाही. आधी शंभर मीटरवर प्रत्येकाने आपली पावलं मोजायची, स्वतःच्या पावलाची लांबी काढायची आणि मग त्या पावलांनी मैदान मोजायचं. उत्तर दिशा होकायंत्रावरून. झाड, नळ, शौचालय, ध्वजस्तंभ, सहा तंबू, चुली. गावातला एखादा रांगोळीकार चिमटीतून रेघ कशी सोडायची ते पंधरा मिनिटं दाखवायला आला, तर त्याच्याच हस्ते उद्घाटन करावं. आमदार शेकोटीला आले तरी चालतील.

हे काम रविवारी सकाळी आठ ते दहा. त्यानंतर न्याहारीची भांडी, तंबू उतरवणं, मैदानाची शेवटची पाहणी. या पाहणीला मी २०० पैकी ३० गुण ठेवेन: चुलीची राख थंड करून भरलेली, सुतळीचा तुकडा नाही, खुंट्यांची भोकं बुजवलेली. मुलं सगळं निमूटपणे करतील, फक्त नकाशाशी येऊन थांबतील. दोन तास पाठ मोडून काढलेला, आईबाबा यायच्या आधीच पुसायचा? वाद होणारच, आणि तो सर्वांत जोरात घालणारा संघ बहुधा ज्याचा नकाशा वाकडा आलाय तोच असेल. त्यासाठी गुणपत्रकात आधीच एक ओळ हवी: पालकांना नकाशा दाखवण्याची वेळ साडेबारा ते एक, एकनंतर रांगोळी ब्रशने गोळा करून, रंग मिसळले तरी चालतील, पिशवीत भरणे, ५ गुण.